मूर्ती आणि मखर
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान मंडळी येतात. कुणी ज्ञानेश्वरीवर बोलते, कुणी महादजी शिंद्यांवर. यंदा कार्यकारिणीने आम्हा दोघा भावांना उभे केले. आम्ही फ्रीगंजात वेबसाइट तयार करण्याचे छोटेसे दुकान चालवतो. दुकानावरून रोज फिरायला जाणारे एक आजोबा आम्हाला नेहमी विचारतात, "अरे, पंचवीस वर्षे झाली, तुम्ही नेमके विकता तरी काय?" आज त्यांना उत्तर द्यायचा विचार आहे. भाषण एकच आहे, बोलणारे दोघे आहोत. माइक ज्याच्या हातात असेल तो बोलेल. आणि बोलता बोलता आम्हाला एका चुकीची कबुलीही द्यायची आहे, ती शेवटी येईल.

आपण उज्जैनकर काळ मोजतो तो सिंहस्थाने. घर केव्हा बांधले, तर सिंहस्थाच्या आदल्या वर्षी. मुंज केव्हा झाली, तर सिंहस्थ उठल्यावर. म्हणून वेबसाइटची गोष्टही आम्ही तीन सिंहस्थांत सांगतो : १९९२, २००४ आणि २०१६.

१९९२ च्या सिंहस्थात आम्ही शाळकरी पोरे होतो आणि पाणपोईवर पेले विसळत होतो. तेव्हा वेब जन्माला येऊन जेमतेम वर्ष झाले होते. जिनिव्हाजवळ सर्न नावाची मोठी प्रयोगशाळा आहे. तिथे टिम बर्नर्स-ली या इंग्रज तंत्रज्ञाने १९९१ मध्ये जगातली पहिली वेबसाइट लोकांसमोर आणली. चित्र नाही, रंग नाही. साधी अक्षरे, आणि मधल्या काही शब्दांवरून दुसऱ्या पानावर जायची सोय. बस, एवढेच. १९९३ मध्ये सर्नने हे तंत्र सगळ्या जगाला फुकट वापरायला देऊन टाकले. तसे केले नसते तर आमचे दुकान निघालेच नसते.

त्याच १९९१ साली आणखी एक काम झाले, ज्याची बातमी आपल्या कुणाच्या कानावर आली नाही. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला संगणकात कायमचा क्रमांक द्यायचा, असे ठरवून युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीसाठी एकशे अठ्ठावीस जागा राखून ठेवल्या होत्या. म्हणजे वेब आणि देवनागरीचे क्रमांक एकाच वर्षी जन्मले. पण त्यांची नीट ओळख व्हायला पुढची दहा-बारा वर्षे गेली. आमची आजची सारी कथा या दहा-बारा वर्षांच्या खड्ड्यात आहे.

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमार्फत आणि तेही मोठ्या शहरांत. पुढच्याच वर्षी, १९९६ च्या गणेशचतुर्थीला, अमेरिकेतल्या मराठी माणसांनी 'मायबोली' सुरू केली. घरापासून लांब राहणाऱ्यांना भाषेची गरज आधी कळते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. उज्जैनला सायबर कॅफे आले तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. एक तास मिळवण्यासाठी दोन तास बाकावर बसायचो आणि मोडेमची ती कर्कश शिट्टी ऐकली की आनंद व्हायचा.

आता दुसरा सिंहस्थ, २००४. बाहेरून पाहुणे येतील, त्यांना आपले मंडळ दिसायला हवे, म्हणून त्या वर्षी आम्ही मंडळाची पहिली वेबसाइट केली. ज्यांनी ती पाहिली असेल ते आत्ताच हसू लागले आहेत. साइट उघडली की आधी काळा पडदा. मग वरून एकेक मोदक पडायचा, गणपती गिरक्या घेत पुढे यायचा आणि न विचारता आरती सुरू व्हायची. हे सगळे 'फ्लॅश' नावाच्या तंत्रावर होते. कोपऱ्यात 'पुढे जा' असे बटण होते. आम्हाला वाटायचे लोक कौतुकाने थांबत असतील. खरे म्हणजे सगळे तेच बटण शोधत असत. आत गेल्यावर डावीकडून उजवीकडे पळणाऱ्या सूचना, लुकलुकणारा 'नवीन' असा शब्द आणि तळाशी किती लोक येऊन गेले ते मोजणारा आकडा. त्या आकड्यात निम्म्याहून अधिक वेळा आम्हीच येऊन गेलो होतो.

आज हसू येते, पण तेव्हाची रुची तीच होती. हातात नवे खेळणे आले की माणूस ते सगळे वाजवून पाहतो. आणि त्यातही शिस्त होती. मोडेमवर शंभर केबीचा एक फोटो उतरायला वीस-पंचवीस सेकंद लागायचे. म्हणून आम्ही प्रत्येक फोटो कापून, दाबून पोस्टाच्या तिकिटाएवढा करायचो. आजचे साधे पान दोन एमबीच्या वर जाते. ते तेव्हाच्या मोडेमवर उघडायला पाच मिनिटेही पुरली नसती.

पान मांडायची पद्धतही गमतीची होती. आकड्यांचे तक्ते करण्यासाठी जे टेबल दिलेले होते, त्याच्या रेघा अदृश्य करायच्या आणि त्या घरांत मजकूर, चित्रे, बटणे बसवायची. तक्त्यात तक्ता, त्यात आणखी तक्ता. कुठे जागा सोडायची असली तर तिथे न दिसणारे एक टिंबाएवढे चित्र ताणून ठेवायचे. एका घराची रुंदी बदलली की सगळी पंगत विस्कटायची.

यावर उपाय केव्हाच निघाला होता. नॉर्वेच्या होकन व्यूम ली यांनी १९९४ मध्येच सुचवले होते की मजकूर एका जागी ठेवा आणि तो कसा दिसावा याचे नियम वेगळ्या जागी लिहा. याला सीएसएस म्हणतात. १९९६ च्या शेवटी त्याचा पहिला अधिकृत मसुदा आला, पण ब्राउझर तो धड पाळत नसत, म्हणून कारागीर टेबलालाच चिकटून राहिले. २००३ मध्ये डेव्ह शे या कॅनडातल्या डिझायनरने एक प्रयोग मांडला. मजकुराचे पान एकच, त्याला हात लावायचा नाही, फक्त दिसण्याचे नियम बदलायचे. जगभरातल्या लोकांनी त्या एकाच पानाला बाग, देऊळ, समुद्र, वर्तमानपत्र अशी शेकडो रूपे दिली.

इथे बसलेल्या प्रत्येकाला हे एका वाक्यात कळेल. मजकूर म्हणजे मूर्ती आणि सीएसएस म्हणजे मखर. मखर दरवर्षी बदलते. आधी कागदी पताका, मग थर्माकोलचे महाल, आता पर्यावरणाचा विचार म्हणून पुन्हा कागद आणि फुले. त्यात चूक काहीच नाही, हौस आहे ती. पण मूर्ती मखरालाच डिंकाने चिकटवली, तर मखर टाकताना मूर्तीही फुटते. २००४ मध्ये आम्ही नेमके तेच केले होते. नुसते टेबलामुळे नव्हे; त्याहून मोठा डिंक होता तो फॉन्टचा.

हे जरा समजून घ्या, कारण पुढची चूक इथेच आहे. आपल्या मध्य प्रदेशात टायपिंग म्हणजे कृतिदेव. छापखान्यात तोच, कचेरीत तोच. महाराष्ट्रात श्रीलिपी, शिवाजी, सीडॅकचे फॉन्ट अशी वेगवेगळी घराणी होती. कृतिदेवात 'मराठी' हा शब्द लिहिला की पडद्यावर मराठी दिसते, पण संगणक आत साठवतो ती इंग्रजी अक्षरे : ई, जे, के, मोठा बी आणि एच. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी 'ई'चे चित्र पुसून तिथे 'म' काढलेला असतो, 'जे'च्या जागी 'र', एवढेच. फॉन्ट असेल तोवर मराठी, फॉन्ट काढला की अर्थहीन इंग्रजी. दुसरा फॉन्ट लावला तर तिसरेच काही. संगणकाला कधी कळलेलेच नसते की हा 'म' आहे.

व्यासांनी महाभारत सांगायचे आणि गणपतीने लिहायचे, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. गणपतीची अट होती की सांगताना थांबायचे नाही. व्यासांची उलट अट होती की अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. आमच्या त्या वेबसाइटवर संगणक व्यासांची अट न पाळता लिहीत होता. झरझर लिहिले, अर्थ काही समजला नाही.

तेव्हा दुसरा मार्ग नव्हता का? होता. विंडोज २००० मध्ये 'मंगल' नावाचा युनिकोड फॉन्ट आला होता. त्याची अक्षरे र. कृ. जोशी यांची. कवी, सुलेखनकार, मुंबईच्या आयआयटीत अक्षररचना शिकवलेले. म्हणजे संगणकावर हिंदी-मराठी वाचणाऱ्या कोट्यवधी लोकांनी पहिले खरे देवनागरी अक्षर पाहिले ते एका मराठी माणसाच्या हातचे. १ मे २००३ ला मराठी विकिपीडियाही युनिकोडमध्ये सुरू झाला होता. आमच्या कानावर हे सगळे होते. पण आसपासच्या बहुतेक संगणकांवर विंडोज ९८ होते, युनिकोड लावले तर चौकोन दिसायचे, आणि छापखान्यातून स्मरणिकेचा मजकूर आयता कृतिदेवात मिळत होता. सोपे होते ते आम्ही केले. फॉन्टची फाइल साइटवर ठेवली आणि वर लिहिले, 'मराठी वाचण्यासाठी आधी हा फॉन्ट उतरवून घ्या.'

आता तिसऱ्या सिंहस्थाकडे येताना जग किती पालटले ते भरभर सांगतो. २००७ मध्ये आयफोन आला. आधी आम्ही पडद्याची रुंदी ठरवून पान करायचो, आता पडदा हातात मावेल एवढा झाला. २०१० मध्ये ईथन मार्कॉट या अमेरिकन डिझायनरने मांडले की पानानेच पडद्याप्रमाणे आकार घ्यावा. पाणी तांब्यात तांब्याचे, ताटात ताटाचे. तेव्हापासून हाच शिरस्ता झाला. बटणे आधी काचेसारखी चमकायची, मग काही वर्षे चामड्याची शिवण, लाकडाच्या रेषा, वहीचा कागद यांची नक्कल चालली. २०१३ च्या सुमारास सगळे एकदम सपाट झाले. चमक गेली, सावल्या गेल्या. फ्लॅश तर ३१ डिसेंबर २०२० ला कायमचा बंद झाला. आमचे मोदक त्याच्याबरोबर गेले. २०१६ च्या सिंहस्थाला आम्ही मंडळाची जी साइट केली ती मोबाइलवर बोटाने सरकणारी होती. सिंहस्थ मे महिन्यात उठला आणि सप्टेंबरात जिओ आले. मग ज्या काकूंनी कधी माउस धरला नव्हता, त्या थेट मोबाइलवर अथर्वशीर्ष ऐकू लागल्या.

रुचीबद्दल आमचे एक गाऱ्हाणेही आहे. हल्ली तयार साचे मिळतात, म्हणून दवाखाना, शाळा, मिठाईचे दुकान सगळ्यांच्या साइट एकाच आईची लेकरे वाटतात. आणि हे साचे बेतलेले असतात इंग्रजी अक्षरांसाठी. आपल्या अक्षराला वर रेफ, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षर. दोन ओळींतले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. अक्षरांत मोकळी जागा सोडायची फॅशन मराठीला लावली तर शिरोरेषाच तुटते, पोळीचे तुकडे केल्यासारखी. पांढऱ्यावर फिकट करडी, बारीक अक्षरे दिसायला नाजूक खरी, पण आमच्या एका काकांनी साइट पाहून विचारले, "शाई संपली होती का रे?" आम्ही त्याच रात्री अक्षरे काळी आणि मोठी केली. वाचणाऱ्याला वाचता आले पाहिजे, ही रुची कधी जुनी होत नाही.

चांगलेही पुष्कळ झाले. आता फॉन्ट पानाबरोबरच येतो, उतरवून घ्यावा लागत नाही. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले मुक्त आणि बलू यांसारखे सुंदर देवनागरी फॉन्ट कुणालाही विनामूल्य वापरता येतात. आणि एक बारीक गोष्ट, जी आपल्यासारख्या हिंदी मुलखातल्या मराठी माणसाने मुद्दाम जपावी : मराठी 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीपेक्षा वेगळे असते. महाराष्ट्र शासनानेही २००९ मध्ये ती वळणे ठरवून दिली. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात. पानाच्या सुरुवातीला 'भाषा मराठी' असे एक छोटेसे कलम लिहिले की आपला 'ल' उमटतो, नाहीतर हिंदीचा. वाचणाऱ्यांतल्या शंभरात नव्वदांना हे कळणार नाही. आम्ही ते तरी लिहितो.

आता कबुली. २००४ च्या साइटवर आम्ही स्मरणिकांतले जुने लेख आणि सभासदांनी दिलेले फोटो घातले होते. डोमेन मंडळाच्या नावाने न घेता आमच्या नावाने घेतले होते, आणि त्याच्या सूचना येत होत्या एका जुन्या ई-मेलवर, जो आम्ही उघडणेच सोडले होते. २०१२ मध्ये मुदत संपली. आम्हाला कळले तेव्हा ते नाव दुसऱ्या कुणीतरी घेतले होते आणि सर्व्हरवरचा सगळा मजकूर पुसला गेला होता. दोष कुणा कंपनीचा नाही, आमचा. तेव्हा आम्ही मनाला समजावले की असू दे, तशीही जुनाट दिसत होती, नवी करू.

गेल्या वर्षी मंडळातल्या एक काकू दुकानात आल्या. काका जाऊन चार वर्षे झाली होती. नातीला शाळेत 'आमचे कुटुंब' असा प्रकल्प होता. "अरे, यांनी स्मरणिकेत लिहिले होते ना, त्यांचे पणजोबा कोकणातून शिंद्यांच्या चाकरीत उज्जैनला कसे आले ते? तुम्ही ते कॉम्प्युटरवर घातले होते. तेवढे काढून द्या." आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो.

कपाट उपसले तेव्हा एक सीडी सापडली. फोटो उघडले, पण पोस्टाच्या तिकिटाएवढेच. मोठे केले की चेहऱ्यांचे ठिपके होत. मूळ फोटो आम्ही तेव्हा परत दिले होते, आणि त्यांतले काही त्या घरीही आता उरलेले नाहीत. लेख उघडला तर सरळ इंग्रजी अक्षरांची गर्दी. कृतिदेवातून युनिकोडमध्ये नेणारे कोड आम्ही लावले. बरेचसे आले, पण कृतिदेवात रेफ अक्षरानंतर टाइप होतो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, म्हणून 'कर्म'चे 'कमर्' झाले, वेलांट्या भलत्याच अक्षरांना लटकल्या. मग आम्ही रोज संध्याकाळी काकूंकडे जाऊन एकेक ओळ वाचायचो आणि दुरुस्त करायचो. अडखळलो की आमच्याआधी त्याच शब्द सांगायच्या. काकांनी तो लेख लिहिताना त्यांना इतक्यांदा वाचून दाखवला होता की तो त्यांना जवळजवळ पाठ होता. एका ठिकाणी यंत्राने नुसती टिंबे दिली होती. काकू म्हणाल्या, "तिथे माझ्या सासूबाईंच्या माहेरचे नाव आहे. थांब, लिहून घे."

शेवटची दोन पाने सीडीवर नव्हतीच. ती मिळाली कार्तिक चौकातल्या एका माळ्यावर, छापील स्मरणिकेत. कसरीने कडा खाल्ल्या होत्या, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होते. त्याला ना फॉन्ट लागला, ना पासवर्ड. पंचवीस वर्षे संगणकाचे काम करणाऱ्या आम्हाला त्या दिवशी बरेच शिकायला मिळाले.

आपल्या उज्जैनचे पद्मश्री विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये भीमबेटकाची चित्रे जगापुढे आणली. तिथे एका चित्रावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे काढलेले आहे. शेकडो वर्षांनी आलेल्या माणसाने आपले चित्र काढले, पण खालचे खरवडून टाकले नाही, म्हणून आज दोन्ही दिसतात. वेबवर नवे आले की जुने शिल्लकच राहत नाही, कुणी मुद्दाम जपले नाही तर. आपले पूर्वज या गावी आले. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले. ती दगडातली कामे आहेत, ती टिकली. पण साध्या कारकुनाचा, मास्तरांचा, वैद्यांचा, माजघरात लोणची घालता घालता तीन पिढ्या मराठीत वाढवणाऱ्या आजींचा इतिहास महाराष्ट्रातल्या पुस्तकांत नाही आणि मध्य प्रदेशातल्याही नाही. तो फक्त आपल्या स्मरणिकांत आहे. तो गेला की गेलाच.

म्हणून तीन मागण्या करतो आणि बसतो. एक, प्रत्येकाने आपल्या माळ्यावर, ट्रंकेत पाहावे. जुनी स्मरणिका, पत्र, पत्रिका, फोटो जे असेल ते आणावे. आम्ही दर रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात स्कॅनर घेऊन बसू आणि वस्तू त्याच दिवशी परत करू. फोटो या वेळी लहान करणार नाही, हे वचन. दोन, ज्येष्ठांनी सोबत यावे. यंत्राला चेहरा दिसतो, पण 'ही आमची पुण्याची आत्या' हे तुम्हीच सांगू शकता. तरुण मंडळींनी ते युनिकोडमध्ये टाइप करायचे. तुमच्या मोबाइलवर ते येतेच. तीन, डोमेन मंडळाच्या नावाने राहील, त्याची मुदत कार्यकारिणीच्या वहीत लिहिलेली असेल, आणि जे जे साइटवर जाईल त्याची एक छापील प्रत वाचनालयात राहील.

२०२८ चा सिंहस्थ येतो आहे. तेव्हा साइट कशी दिसेल ते आम्ही सांगू शकत नाही. कदाचित पडदाच नसेल, नुसते बोलून विचारायचे असेल. मखर ज्याला जसे रुचेल तसे त्याने करावे. पण काकूंच्या नातीच्या मुलीने उद्या विचारले की आपण इथे कसे आलो, तर उत्तर मराठीत, आपल्या 'ल'मध्ये, वाचता येईल असे मिळाले पाहिजे. आमच्या दुकानात काय विकतात असे विचारणाऱ्या आजोबांना आमचे उत्तर हेच : आजवर आम्ही मखरे विकली, आता थोडी मूर्तीची राखण करणार आहोत.

त्या नातीचा प्रकल्प शाळेत जमा झाला. काकांचा लेख याच स्मरणिकेत पुन्हा छापला आहे. तो जरूर वाचा. त्यात कुठे वेलांटी चुकली असेल तर ती आमची, काकांची नव्हे.

गणपती बाप्पा मोरया!